माहेरच्या वाटेवर मोटार तापते तेव्हा

ज्या घरात रोज प्रेशर कुकर चढतो, त्या घरातल्या गृहिणीला मोटारीच्या रेडिएटरविषयी निराळे असे फारसे शिकवावे लागत नाही. बंद भांड्यात पाणी तापले की वाफ कोंडते, कोंडलेल्या वाफेने दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी १०० अंशांवर उकळायचे सोडून १२० अंशांपर्यंत तग धरते. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. रेडिएटरचे टोपण हे कुकरच्या शिट्टीचेच भावंड समजावे. बहुतेक मोटारींत त्याचा दाबही जवळजवळ तेवढाच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. फरक एवढाच, की कुकरकडे घरातल्या कुणाचा तरी कान असतो. रेडिएटरकडे मात्र तो रुसल्याखेरीज कुणाचेही लक्ष जात नाही.

आणि तो रुसतो तेव्हा घरापासून दूरच रुसतो! दारात उभ्या असलेल्या मोटारीचे पाणी गळले तर फरशीवर थारोळे दिसते, आपण मिस्त्रीला निरोप धाडतो आणि रिक्षाने कामाला जातो. पण भर रस्त्यात, परक्या मुलखात, गाडीत बायकामुले आणि वडीलधारी माणसे असताना बॉनेटखालून वाफ निघू लागली, म्हणजे भल्याभल्यांची मती गुंग होते. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे आधीच ठाऊक असलेले बरे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे शास्त्र सांगतो. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूंचे तापमान क्षणभर २००० अंशांच्याही वर जाते. इंधनातून निघालेल्या उष्णतेपैकी स्थूल मानाने एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच धुरावाटे बाहेर पडते, आणि उरलेली इंजिनाच्या अंगात मुरते. ही मुरलेली उष्णता सतत काढून नेली नाही, तर इंजिन काही मिनिटांतच स्वतःला भाजून घेईल. ते काम पाणी करते. एक छोटा पंप ते इंजिनाभोवती फिरवतो, तापलेले पाणी रबरी नळीतून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत उतरते, समोरचा वारा आणि पंखा त्याला निववतात आणि निवलेले पाणी पुन्हा इंजिनाकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा दारवान बसलेला असतो. पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापेतो तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, कारण फार थंड इंजिनही नीट चालत नाही.

पाण्याचा हा प्रश्न मोटारीच्या जन्माबरोबरच जन्मला. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा तिला आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. इंजिनाभोवतीचे पाणी तापे, उकळे आणि वाफ होऊन हवेत जाई. गेलेले पाणी पुन्हा भरायचे एवढाच उपाय. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ही मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे थांबून त्यांनी मोटारीची तहान भागवली. इंधन संपले तेव्हा ते एका औषधविक्याकडून घेतले. इंधनाच्या नळीत कचरा अडकला तेव्हा टोपीची टाचणी कामी आली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून हा प्रवास नावाजला गेला. आणि या बाई फोर्झहाइमला कशासाठी निघाल्या होत्या? तिथे त्यांची आई राहत असे. म्हणजे मोटारीने केलेला हा पहिला मोठा प्रवास बाई माहेरी जाण्यासाठी झाला, आणि त्या प्रवासातला एक मोठा घोर पाण्याचाच होता!

पुढे डाइमलर कारखान्याच्या विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीजला तो बसवला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या आणि पाणी अवघे नऊ लिटर. आजचा रेडिएटर त्याच घराण्यातला. तरीही आपल्याकडे फिएट आणि अॅम्बॅसेडरच्या जमान्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, हे उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य होते. त्या काळचे ड्रायव्हर डिकीत पाण्याचा डबा ठेवल्याशिवाय गाव सोडत नसत. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, नव्या गाड्या सहसा तापत नाहीत, आणि तो डबाही डिकीतून गेला.

मला या साऱ्याचा प्रत्यय आला तो यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावाजवळ, २०१९ च्या मे महिन्यात. आम्ही पुण्याचे, पण आईचे माहेर यवतमाळचे. एका लग्नासाठी अमरावतीला आलो होतो. तिथेच निरोप आला, की आईचे थोरले भाऊ अत्यवस्थ आहेत. भेटायचे असेल तर आजच या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. अमरावतीहून यवतमाळला जाणारे बहुतेक लोक नेरवरून जातात. आम्हाला एका पाहुण्यांना धामणगावच्या रेल्वे स्टेशनावर सोडायचे होते, म्हणून आम्ही चांदूर, धामणगाव, बाभुळगाव असा रस्ता धरला. गाडीत आई, सौ., कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी. गाडी लहान, दहा वर्षांची, पण निघण्यापूर्वी पुण्यात मिस्त्रीकडून तपासून घेतलेली. तथापि रबर हे असे द्रव्य आहे, की ते बाहेरून तुकतुकीत दिसते आणि आतून केव्हा पिकते याचा पत्ता लागू देत नाही.

विदर्भातले मे महिन्यातले ऊन ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सांगून समजणार नाही. दोन्ही बाजूंना कपाशीची उघडी, काळी, भेगाळलेली रानेच रानेः नांगरून उन्हात टाकलेली, पावसाची वाट पाहणारी. बाभुळगाव दोन-तीन किलोमीटरांवर राहिले असेल, तोच गाडीत एक गोडसर वास आला. हा वास ओळखून ठेवावा. कूलंट म्हणून पाण्यात जे रसायन घालतात त्यात इथिलीन ग्लायकॉल असते आणि ते तापल्यावर असा गोड वास सुटतो. पाठोपाठ तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकू लागला.

मी वातानुकूलन बंद केले, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. "अरे, या उन्हात हीटर?" सौ. किंचाळल्याच! पण त्यात तथ्य आहे. गाडीचा हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाचेच गरम पाणी त्यातून खेळते. तो सोडला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते, आणि सावलीपर्यंत पोहोचण्याएवढी सवड मिळते. समोर कडुनिंबाखाली चहाची टपरी दिसत होती. तिथे पोहोचलो, इंजिन बंद केले, आणि बॉनेटच्या फटीतून भसाभस वाफ निघाली.

टपरीवर एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर चहा पीत बसले होते. माझा मुलगा बॉनेट उघडून रुमाल घेऊन टोपणाकडे वळला, तसे ते जागेवरूनच ओरडले, "हात नको लावू बेटा झाकणाले! तोंड भाजून जाईन!" मग उठून जवळ आले आणि मला म्हणाले, "काही करू नका जी भाऊ. चहा घ्या. पाऊण घंटा जाऊ द्या. पाणी टाकायची घाई कराल तं हेड तडकून जाईन."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १०० अंशांपेक्षा जास्त तापलेले पाणी दाबामुळे शांत बसलेले असते. टोपण उघडताच दाब जातो, आणि सारे पाणी एकदम उकळून कारंज्यासारखे तोंडावर येते. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढायचे नाही, हा जो घरचा नियम, तोच इथला. तसेच लालबुंद तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले, तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते किंवा त्याला चीर जाते. आणि हेड गेले म्हणजे दुरुस्तीचा आकडा पाहून माणसाचे डोके तापते.

पाऊण तास! पण आईपाशी पाऊण तास होता का? यवतमाळ वीस-पंचवीस किलोमीटरच राहिले होते. माझ्या मनात आलेच, की असेच हळूहळू दामटावे. आई झाडाखाली खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "तुझी गाडी आज नाही तर उद्या दुरुस्त होईल रे. दादासाठी उद्या आहे की नाही, कुणास ठाऊक!"

त्या बोलण्याने मला एकदम उमगले, की इथे दोन निराळ्या गोष्टींची गाठ पडली आहे. बिघडली आहे ती मोटार. प्रवास बिघडलेला नाही. टपरीवाल्या बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "यवतमाळची एस.टी. येऊनच राहिली आता. हात दाखवा, थांबते." आणि खरोखरच दहा-पंधरा मिनिटांत धुरळा उडवत लाल गाडी आली. १९४८ साली सुरू झालेल्या या एस.टी.ने महाराष्ट्रातल्या किती माणसांना वेळेवर पोहोचवले असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही! कंडक्टरने आईला "या आजी, इकडं बसा" म्हणून पुढची जागा करून दिली. सौ. पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी घेऊन तिच्याबरोबर गेल्या. मी आणि मुलगा मोटारीपाशी राहिलो.

पाऊण तासाने इंजिनाला हात लावता येऊ लागला, तेव्हा जाड फडके टोपणावर टाकून ते प्रथम अर्धेच फिरवले, उरलासुरला दाब जाऊ दिला आणि मग काढले. रेडिएटर जवळजवळ कोरडा होता. ड्रायव्हरबुवांनी थोडे थोडे पाणी ओतायला लावले, आणि ते कुठून गळते यावर मुलाला नजर ठेवायला सांगितले. गळतीच्या जागा ठरलेल्या असतातः रबरी नळ्यांची टोके, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरच्या अॅल्युमिनियमला प्लॅस्टिकची टाकी जिथे जोडलेली असते तो सांधा, पाण्याचा पंप आणि खालचा बूच. आमची वरची नळी टोकापाशी, क्लिपेला लागूनच, बोटभर चिरली होती.

टपरीवाल्या बाईंनी हळदीची पुडी पुढे केली. "ट्रकवाले टाकतात नं जी," त्या म्हणाल्या. हा तोडगा ट्रकवाल्यांत जुना आणि प्रसिद्ध आहे. हळद पाण्याबरोबर फिरते, बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते. पण ड्रायव्हरबुवांनी मान हलवली. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आणि मोठ्या नळ्यांचे असत. आताच्या चपट्या, अरुंद नळ्यांत हळदीचा गाळ बसला की एक गळती थांबून दहा ठिकाणी तुंबते. शिवाय हळदीने छिद्र बुजेल, चिरलेली नळी नव्हे.

त्यांनी केलेली दुरुस्ती अगदी साधी होती. नळी काढली, चिरलेला भाग सुरीने सरळ कापून टाकला, उरलेली नळी ओढून पुन्हा बसवली आणि क्लिप आवळली. नळी पुरेशी लांब होती म्हणून हे जमले. ती पुरली नसती तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळायची आणि वरून तारेने बांधायची, हा दुसरा मार्ग. तसे केल्यास टोपण पूर्ण न आवळता सैल ठेवतात, म्हणजे दाब चढत नाही आणि पट्टी निसटत नाही. मात्र दाब नसला की पाणी शंभरच्या आसपासच उकळणार, म्हणून गाडी सावकाश चालवायची आणि दर चार-पाच किलोमीटरवर थांबायचे.

टपरीतले पिण्याचे पाणी भरले. बोअरच्या जड पाण्यातले क्षार चहाच्या किटलीत बसतात तसेच रेडिएटरमध्येही बसतात. अडचणीत कुठलेही पाणी चालते, पण निवड असेल तर शुद्ध केलेले घ्यावे. मग टोपण उघडे ठेवूनच इंजिन सुरू केले, हीटर सोडला, आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत पाणी घालत राहिलो. आत हवा अडकून राहिली तर पाणी भरलेले दिसूनही इंजिन तापते. ड्रायव्हरबुवांनी पैसे घेतले नाहीत. "चहा पाजला नं तुम्ही," म्हणाले आणि आपल्या ट्रककडे गेले.

वाटेत दोनदा थांबून नळी पाहिली आणि दोनच्या सुमारास यवतमाळला पोहोचलो. आई साडेबारालाच पोहोचली होती. मामांनी तिला ओळखले होते, तिचे लहानपणचे नाव घेऊन हाक मारली होती, आणि तासभर दोघे बोलत होते. मी गेलो तेव्हा त्यांना ग्लानी आली होती. त्यातून ते पुन्हा जागे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मोटार दुरुस्त होईपर्यंत आई झाडाखाली बसून राहिली असती, तर ती भेट झाली नसती.

म्हणून वाचकांना माझे पहिले सांगणे मोटारीविषयी नाही, माणसांविषयी आहे. गाडी थांबली की आधी पाहावे, की कुणाला कुठे पोहोचण्याची निकड आहे, कुणाला ऊन सोसणार नाही, कुणाच्या औषधाची वेळ झाली आहे. त्यांची सोय एस.टी.ने, रिक्षाने, गावातल्या कुणाच्या गाडीने, जशी होईल तशी आधी लावावी. तेवढे झाले की आपली घाई संपते, आणि तापलेल्या इंजिनाला घाई न करणारा माणूसच लागतो.

दुसरे सांगणे खुणांविषयी. वर गेलेला काटा एकाएकी खाली आला आणि वाफ मात्र चालूच असली, तर हायसे वाटून घेऊ नये. तापमान मोजणारे यंत्र पाण्यात असते. पाणीच संपले तर ते कोरडे पडून खोटे सांगू लागते. गाडीच्या धुरात पांढरी वाफ सतत येत असेल, किंवा इंजिनाचे तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर पाणी आत शिरू लागले आहे असे समजावे. तो रस्त्यावर उरकण्याचा मामला नव्हे. गाडी टोचन करून गॅरेजलाच न्यावी. पुष्कळ नव्या गाड्यांत रेडिएटरवर टोपण नसते आणि बाजूची प्लॅस्टिकची टाकीच दाबाखाली असते; तिच्या टोपणालाही तोच नियम लागू.

तिसरे, गावी पोहोचल्यावर नुसत्या पाण्यावर विसंबून राहू नये. गाडीबरोबरच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणात भरून घ्यावे. पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते आणि त्यातली औषधे आतला गंज थोपवतात. हिरवे, लाल, निळे या रंगांवरून जात ठरवू नये. आणि घरी बाळगोपाळ किंवा कुत्रे-मांजर असेल तर विशेष जपावे. हे रसायन चवीला गोड पण विषारी आहे. काढलेले कूलंट अंगणात किंवा गटारात न ओतता झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

विजेच्या मोटारी आल्या म्हणजे हे सारे संपेल, असे कुणी म्हणेल. परंतु त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या बॅटऱ्यांनाही थंड ठेवायला असेच द्रव नळ्यांतून फिरत असते. नळी आली की क्लिप आली, आणि क्लिप आली की गळती आलीच!

दिवाळीच्या सुटीत हजारो घरांतून मोटारी बाहेर पडतील; कुणी भाऊबिजेला निघेल, कुणी आजोळी. निघण्याच्या आदल्या दिवशी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी पाहावी आणि रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. कुठे भेगा, फुगवटा किंवा पिठूळपणा जाणवला तर नळी बदलून घ्यावी. डिकीत फराळाच्या डब्यांशेजारी पाच लिटर पाणी, दोन क्लिपा, एक स्क्रू ड्रायव्हर, एक सुरी, जाड फडके आणि सायकलच्या ट्यूबची हातभर पट्टी ठेवावी. एवढ्या सामानाला चिवड्याच्या एका डब्याइतकीही जागा लागत नाही.